कुंपणापलीकडचा थ्रश

माझं दुकान जनावरांच्या खाद्याचं. काउंटरच्या मागे एक जुनी पाटी टांगलेली होती. वडिलांच्या वेळी तिच्यावर कुठल्या शेतावर पेंडीची किती पोती पोचवायची ते लिहिलेलं असायचं. नऊ वर्षं सप्टेंबर लागला की मी ती पुसत असे आणि मधोमध एक उभी रेघ मारत असे. डावीकडे ‘बफ्टन’, उजवीकडे ‘प्रीस’.

बफ्टन म्हणजे टेग्विन बफ्टन, आमच्या शाळेचे हेडमास्तर. पोरं कमी झाली म्हणून शाळा बंद पडली त्याला अकरा वर्षं झाली, पण गावाचे ते मास्तरच राहिले. प्रीस म्हणजे बेरिल प्रीस. त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं अठ्ठावीस वर्षं आम्हाला जेवू घातलं, म्हणून ती सगळ्या गावाची मावशी. दोघांची घरं पाठीला पाठ. तिचं दार चॅपलच्या गल्लीत, त्यांचं वरच्या रस्त्याला. मधे दोन बागा, आणि बागांच्या मधे हॉथॉर्नच्या काटेरी झुडपांचं जुनं, डोक्याहून उंच कुंपण. दोघंही एकटी, आणि दोघांनाही पक्ष्यांचं वेड.

दर शनिवारी सकाळी नऊ ते दहा दोघं आपापल्या बागेत बसून पक्षी मोजायची आणि आकडा मला आणून द्यायची. मी तो खडूनं मांडायची. मेंढ्यांसाठी पेंड न्यायला आलेली माणसं आधी पाटीकडे बघायची. “मास्तर पुढे आहेत की मावशी?” डोंगरात आमच्याकडे शरद ऋतू लवकर येतो आणि लांबतो, करमणूक म्हणाल तर एवढीच.

गेल्या वर्षी मे महिन्यात दोघांचं बिनसलं. मावशीच्या भाच्यानं तिच्या बाजूनं कुंपण छाटलं. आत काळ्या कस्तुराचं घरटं होतं, चार पिल्लांचं. आडोसा गेला आणि दुसऱ्या दिवशी मॅगपायांनी, कावळ्याच्या जातीचे ते पक्षी, चारही उचलली. रविवारी चॅपलमधून माणसं बाहेर पडत असताना मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, “बेरिल, स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरचं तुला कधी काही कळलंच नाही.”

हातातली प्रार्थनेची पुस्तकं मावशीनं शांतपणे दारातल्या फळीवर रचली आणि घरी गेली. त्या दिवसापासून बोलणं बंद. मास्तरांनी चॅपलला येणंही सोडलं. पाटी मात्र थांबली नाही, कारण पाटीवर एकमेकांशी बोलावं लागत नव्हतं.

त्या सप्टेंबरात तीन आठवडे पाऊस नव्हता. ओढा दगडांमधून सुतासारखा वाहत होता. पाकोळ्या दरवर्षीपेक्षा आठवडाभर आधीच तारांवरून उठून गेल्या. आयव्हीच्या वेलीला फुलं आली होती आणि तिच्याभोवती गांधीलमाश्यांचा असा काही घोंघाट, की चॅपलची ती बाजूची खिडकी आम्ही उघडत नव्हतो. पहाटे थंडी बोचायची, दुपारी ऊन लागायचं. माझ्या वडिलांच्या भाषेत, असलं हवामान माणसाला फसवतं.

पुढचं बरंचसं मला मावशीनं सांगितलं. तिची वही मी स्वतः वाचली आहे. रोज सकाळी ती मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसायची, मांडीवर वही, पायाशी चहाचा मग, आणि दिसेल ते लिहायची.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी तिच्या बागेत एकदम सोनेरी पट्ट्यांचे गोल्डफिंच उतरले. आधी सात, मग अकरा. हे मास्तरांचे पक्षी. ते त्यांना काळ्या बारीक बिया घालायचे, मावशी कधी घालत नसे. तरीही ते तिच्या दाण्याच्या टांगत्या नळ्यांवर लोंबकळून सूर्यफुलाच्या बियांसाठी भांडत होते. मग चिमणीहून लहान निळ्या टिट आल्या, त्यांच्यामागून रानकबुतरं. मावशीनं वहीत लिहिलं, ‘आज जत्रा.’

आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी तिला तो आवाज आला. कुंपणापलीकडून. ठक, ठक, ठक. जरा थांबून पुन्हा ठक, ठक, ठक.

ठिपक्यांच्या छातीचा गाणारा थ्रश शंखातली गोगलगाय चोचीत धरतो आणि एका ठरलेल्या दगडावर आपटून आपटून फोडतो. लहानपणी आम्ही तो आवाज सगळीकडे ऐकायचो. पण गावात थ्रश दिसून सहा वर्षं झाली होती. दोघांनीही नावं लिहायच्या रकान्यात सहा वर्षं त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवली होती.

वहीत लिहिलंय: ‘शुक्र. ९.१०. थ्रश!! कुंपणाच्या बाजूनं, शंख फोडताना. तीन ठोके, थांबून तीन. दहा मिनिटं.’ खाली दुपारची नोंद: ‘हेजहॉग दिवसाढवळ्या बागेत. मास्तरांकडून आला. उथळ बशीतलं पाणी प्यायला, खूप वेळ.’

हेजहॉग, पाठीवर काटे असलेला तो छोटा प्राणी, रात्रीचा; तो दिवसा बाहेर पडला तर काहीतरी बिघडलेलं असतं, हे मावशीला ठाऊक आहे. तिनं त्याच्याकडे पाहिलंही असेल तसं. पण तिच्या डोक्यात थ्रश होता.

त्याच शुक्रवारी मास्तर माझ्याकडे बियांचं पोतं न्यायला यायचे होते. एका आड एक शुक्रवार, अकराच्या ठोक्याला. पोतं मी दाराशी काढून ठेवलं होतं. त्या दिवशी मेंढ्यांचा मोठा बाजार होता, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी कुलूप लावताना पोतं दिसलं. फोन करावा असं मनात आलं. मग वाटलं, मुलीकडे गेले असतील कार्डिफला. मी पोतं आत ओढलं आणि घरी गेले.

शनिवारी साडेदहाला मावशी दुकानात आली ती जवळजवळ पळतच. त्र्याहत्तर वर्षांची बाई, गाल लालबुंद.

“खडू घे, डेलिथ. लिही. अठ्ठावन्न.”

“अठ्ठावन्न? मागच्या शनिवारी एकतीस होते.”

“मोजता येतं मला. एकोणीस तर नुसते गोल्डफिंच. आणि खाली लिही, थ्रश. मोठ्या अक्षरात लिही.”

काउंटरपाशी उभा असलेला आमचा म्हातारा मेंढपाळ ऑस्टिन पिऊ हसला. “बघितलास का थ्रश? का नुसता ऐकलास?”

“ऐकला. काल ऐकला, आज पुन्हा ऐकला. कुंपणाला लागून बसलाय कुठेतरी.”

“ऐकलेला धरायचा का, डेलिथ?”

“नियमात बसतं,” मी म्हणाले. नियम मास्तरांनीच केले होते. पक्षी ओळखणाऱ्याला आवाज पुरतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मी खडूनं थ्रश लिहिलं आणि पुढे चांदणी काढली.

मावशीनं डावीकडे बघितलं. “मास्तरांचा रकाना कोरा?”

“आले नाहीत अजून.”

“गृहपाठ केला नाही वाटतं. उभं कर बाकावर.” ऑस्टिन खो खो हसला. मीही हसले. मावशी दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, “त्यांचे सगळे पक्षी माझ्याकडे आले ना, म्हणून तोंड दाखवत नाहीत. आले की सांग त्यांना, खिडकीबाहेरचं बेरिलला थोडंफार कळायला लागलंय.”

त्या वेळी मास्तर कुठे होते हे आता मला ठाऊक आहे. त्यामुळे तो शनिवार मी फारसा आठवत नाही. आठवायला लागले की आमचं तिघांचं हसणं ऐकू येतं.

रविवारी चॅपलला मास्तर नव्हते. पण ते मे महिन्यापासूनच नव्हते, त्यामुळे कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. दुपारी मावशी खुर्चीत बसली. पक्षी आणखी वाढले होते, पण ती म्हणते, त्यांची किलबिल तिला आवडेनाशी झाली होती. एकमेकांच्या डोक्यावर पाय देऊन खात होते. एक बाज, चिमण्या मारणारा, शेजारच्या छपरावर येऊन बसला होता. एवढी गर्दी झाली की तो येणारच. त्यानं एक टिट उचलली तरी बाकीचे पक्षी अर्ध्या मिनिटात परत आले. इतके भुकेले होते.

पावणेचारला ठोके आले. मंद. वहीत आहे: ‘रवि. ३.४५. थ्रश. तीन. मग बराच वेळ काही नाही. मग दोन. पाच मिनिटांत थांबला.’

मग लाकडाच्या ढिगावर रॉबिनांची जुंपली. रॉबिन दिसायला गोजिरवाणा, भेटकार्डावर छापायचा पक्षी. पण शरदात प्रत्येक रॉबिनला आपली हद्द असते, आणि हद्दीत दुसरा आला तर तो जीव घेतो. मावशीनं टाळ्या वाजवल्या, ओरडून बघितलं. दोन लाल छात्या एकमेकींत गुंतून पानांत लोळत होत्या, हटेनात. अंधारून आलं तशी ती आत गेली.

सोमवारी सकाळी पायरीवर तिचा रॉबिन मरून पडला होता. डोक्याच्या मागचं सोललेलं, एक डोळा नाही. आणि मातीत रोवून ठेवलेल्या तिच्या फावड्याच्या मुठीवर दुसरा रॉबिन बसून गात होता. त्याच्या डाव्या पंखात एक पांढरं पीस होतं.

तो मास्तरांचा रॉबिन होता. गाव त्याला ओळखायचं. मास्तर माती उकरायला बसले की तो त्यांच्या बुटावर येऊन बसायचा, हातातून अळ्या खायचा. मावशीच्या बाजूला तो कुंपणाच्या शेंड्यापर्यंत यायचा; कुंपण ओलांडून एकदाही आला नव्हता. गोल्डफिंच भटके असतात, आज इथे तर उद्या तिथे. हेजहॉगला पाणी कुठेही चालतं. पण रॉबिन आपली जागा सोडत नाही. तिथं खायला काही उरलंच नाही तर सोडतो.

मावशी मेलेला पक्षी हातात घेऊन उभी राहिली. ती मला म्हणाली, “तेव्हासुद्धा माझ्या मनात मास्तर आले नाहीत, डेलिथ. मनात आलं ते एवढंच, की आज थ्रश ठोकत नाही.”

नऊ वाजून गेले, सव्वानऊ झाले, आवाज नाही. ती कुंपणाशी गेली. थ्रशचा दगड सापडला तर भोवती फुटक्या शंखांचा सडा असणार. ऑस्टिनला दाखवायला दोन उचलावेत, असा तिचा विचार. भाच्यानं छाटलं होतं तिथं फांद्या अजून विरळ होत्या. वाकून बघितलं. शंख नव्हते. एकही नाही. पलीकडे मास्तरांच्या दाण्याच्या नळ्या रिकाम्या लोंबत होत्या, एक खारीनं कुरतडून खाली पाडलेली. पक्ष्यांच्या पाण्याचं दगडी भांडं कोरडं, तळाशी हिरवा पापुद्रा. मास्तरांच्या बागेत पाण्याचं भांडं कोरडं तिनं उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

डाव्या हाताला, कुंपणाला पाठ लावून, मास्तरांची लाकडी खोली होती. अवजारं आणि हिवाळ्यासाठी सफरचंदं ठेवायची. तिच्या खुर्चीपासून पंधरा पावलांवर.

मावशीनं हाक मारली, “मास्तर?”

काही नाही.

तीन ठोके आणि थांबून तीन. तिनं ते स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. ती सांगते की त्या क्षणी तिला कळलं. पुढे बघून खात्री करायची गरजच राहिली नाही.

गल्लीतून वळसा घालून जायला सात-आठ मिनिटं लागली असती. ती कुंपणातून घुसली. हॉथॉर्नचे काटे बोटभर लांब असतात. नंतर मी तिला बघितलं तेव्हा तिच्या हातांवर आणि कपाळावर रक्ताचे ओघळ होते आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

मास्तर फरशीवर पडले होते. गुरुवारी दुपारी वरच्या फळीवर सफरचंदं मांडताना स्टुलावरून कोसळले. खुब्याचं हाड मोडलं. पडताना पायाचा धक्का लागून दार आपटलं आणि बाहेरची खिट्टी पडली. फोन स्वयंपाकघरात. पहिली रात्र ते ओरडले. पहाटेपर्यंत आवाज बसला. मग खुरप्याच्या मुठीनं फरशी ठोकायला लागले. हाताशी आलेली सफरचंदं खाल्ली, रसावर तगले. अंगावर बियांची रिकामी गोणपाटं ओढून घेतली होती. चार दिवस.

मावशीनं त्यांच्या स्वयंपाकघरातून आधी रुग्णवाहिकेला, मग मला फोन केला. “घोड्याच्या पाठीवर घालायची ब्लँकेटं आण. आहेत तेवढी आण,” एवढंच म्हणाली. मी व्हॅन घेऊन गेले. समोरच्या दारात दुधाच्या दोन बाटल्या तशाच होत्या, झाकणाचा चंदेरी कागद टिटांनी टोचून फाडलेला. खोलीत सफरचंदांचा गोड, आंबूस वास होता आणि त्याखाली दुसरा. मावशी फरशीवर बसली होती आणि मास्तरांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. त्यांचे डोळे उघडे होते. ते माझ्याकडे बघत होते, पण मी कोण ते त्यांना कळत असावं असं वाटलं नाही.

रुग्णवाहिका यायला सव्वा तास लागला. तेवढ्या वेळात मावशी एकच वाक्य बोलली. “हात बघ गं त्यांचा.” उजव्या हाताची कातडी सोलून निघाली होती.

दवाखान्यात ते बारा दिवस जगले. सहाव्या दिवशी मी मावशीला घेऊन गेले. मुलगी कॅरिस रोज असायची, पण त्या वेळी ती खाली काही खायला गेली होती. मास्तर बारीक झाले होते, नाकात नळी, पण शुद्धीवर होते. मावशीनं कोट काढला नाही, खुर्चीच्या कडेवर बसली.

“मास्तर, मला आवाज आला होता,” ती म्हणाली. “तिन्ही दिवस. मला वाटलं थ्रश आहे.”

मास्तरांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग त्यांचा घोगरा आवाज आला.

“थ्रश?”

“शंख फोडतोय असं वाटलं.”

“थ्रश असा ठोकत नाही, बेरिल. शंख फुटेपर्यंत ठोकतो. कधी पाच, कधी नऊ.” श्वास घ्यायला थांबले. “मोजून तीन कुठला पक्षी ठोकेल?”

“मी मोजले होते. तीनच लिहिलेत.”

“मग?”

मास्तर छताकडे बघत राहिले. मी विचार करत होते की आता ते काहीतरी बोलतील, आणि मावशी पुढचं आयुष्य ते घेऊन जगू शकेल. ते म्हणाले, “शनिवारी तू डब्यातून बिया काढत होतीस. डबा वाजला. मी ऐकत होतो.” मग तोंड भिंतीकडे वळवलं. नर्सनं आम्हाला जायला सांगितलं.

पुढल्या आठवड्यात छातीत कफ भरला आणि ते गेले.

दफन झाल्यावर चॅपलच्या मागच्या खोलीत चहा होता. सँडविच, फळांचा केक, आणि मास्तरांच्या खोलीतल्या सफरचंदांना कोणीही हात लावू नये असं न बोलता ठरलेलं. कॅरिस आणि मी एका वर्गातल्या. मास्तरांची मुलगी म्हणून शाळेत तिला कोणी खोड्यांत घ्यायचं नाही. ती बसायची स्वयंपाकघरात, मावशीपाशी, कणकेचे गोळे करत. माणसं पांगल्यावर ती आमच्या दोघींसमोर येऊन बसली. हातात रिकामा कप.

“मावशी, एक विचारू? चार दिवस. चारी बाजूंनी घरं आहेत. कोणालाच काही ऐकू आलं नाही?”

मी पटकन म्हणाले, “वारा फार होता गं त्या आठवड्यात.”

“वारा नव्हता,” मावशी म्हणाली. “पानसुद्धा हलत नव्हतं. मला ऐकू आलं होतं.”

तिनं पिशवीतून वही काढली. ती घेऊनच आली होती. पान उघडून कॅरिससमोर ठेवली. मी टेबलावरच्या चुऱ्याकडे बघत बसले. कॅरिसनं शुक्रवार वाचला, शनिवार वाचला. रविवारच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तिथून पुन्हा मागे गेली आणि ‘आज जत्रा’पासून सगळं परत वाचलं.

“इथे दोन उद्गारचिन्हं आहेत,” ती म्हणाली.

“हो.”

“तुम्ही कुठे बसला होतात?”

तुम्ही. पंचेचाळीस वर्षांत कॅरिसनं मावशीला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. मावशीच्या चेहऱ्यावर ते उमटलेलं मला दिसलं.

“दाखवते,” मावशी म्हणाली.

आम्ही तिघी काळ्या कपड्यांतच चॅपलच्या गल्लीतून चालत गेलो. ऑक्टोबर निम्मा सरला होता, पानं गळायला लागली होती. मावशीनं दाणे घालणं थांबवलं होतं. बागेत एक चिमणीही नव्हती. दाराशी खुर्ची तशीच होती.

“बसा,” कॅरिस म्हणाली. “तशाच बसा.”

मावशी बसली. कॅरिस गल्लीतून वळसा घालून वरच्या रस्त्याला गेली. आम्ही वाट बघत राहिलो. मी म्हणाले, “मावशी, चल आत. हे बरं नाही.” ती म्हणाली, “तू जा हवं तर.” मी गेले नाही.

कुंपणापलीकडे दार करकरलं. खिट्टी पडल्याचा आवाज आला. मग काही क्षण काहीच नाही, आणि मग ठक, ठक, ठक.

थांबून पुन्हा तीन. मावशी मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती, वर्गात बसतात तशी. कॅरिस थांबेना. मी मनगटावरचं घड्याळ बघितलं नाही, पण पाच मिनिटं तरी झाली असतील. मध्येच ठोके जोरात यायला लागले, वेडेवाकडे, तीन नाहीत, मोजता येणार नाहीत इतके, आणि त्यात तिचं रडणं मिसळलं. मग थांबलं.

मला उठून जावं लागलं, कारण खिट्टी बाहेरून पडली होती. मी वळसा घालून पोचले आणि दार उघडलं. कॅरिस फरशीवर बसली होती, बापाचंच खुरपं हातात. मी तिला उठवून परत मावशीच्या बागेत आणलं. का आणलं कोण जाणे. सरळ तिच्या गाडीपाशी न्यायला हवं होतं.

ती मावशीसमोर उभी राहिली. “कसं वाटलं?”

मावशी म्हणाली, “माणसासारखं.”

“आणि तेव्हा?”

“तेव्हा मला थ्रश हवा होता.”

मला गप्प बसवेना. मी म्हणाले, “कॅरिस, मला तर आत्ताही पक्षीच वाटला असता. सुरुवातीचे ठोके तरी. खरंच सांगते.”

“तुला पक्ष्यांतलं काय कळतं, डेलिथ?”

“काही नाही.”

“तिला कळतं,” कॅरिस म्हणाली. “बाबांच्या खालोखाल तिलाच कळतं.” ते दोष देणं होतं की आणखी काही, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ती पुन्हा ‘तिला’ म्हणाली होती.

ती निघून गेली. मावशीनं खुर्ची उचलून आत नेली.

त्या हिवाळ्यात पाटी मी भिंतीवरून काढून गोदामात ठेवली. बर्फ लवकर पडलं. उत्तरेकडून थव्यांनी पक्षी आले आणि हॉथॉर्नवरची लाल फळं चार दिवसांत ओरबाडून नेली. मावशी दुकानात यायची, ओट आणि मेणबत्त्या न्यायची, दाण्यांचं नाव काढायची नाही. मीही विचारलं नाही. कोणी मास्तरांचं नाव घेतलं की ती बोलणाऱ्याचं पूर्ण ऐकून घ्यायची आणि मग जायची.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कॅरिस घर रिकामं करायला आली. नळ गोठले होते, वीज तोडलेली. गावात खानावळ आहे, वर झोपायच्या दोन खोल्याही आहेत. ती तिथं उतरली नाही. तिची गाडी तीन दिवस चॅपलच्या गल्लीत, मावशीच्या दारासमोर उभी होती. काचेवर बर्फ साचत होतं आणि सकाळी कोणीतरी ते झाडून काढत होतं.

दोघी काय बोलल्या, ते मला कोणी सांगितलेलं नाही. चौथ्या दिवशी गाडी गेली. त्यानंतर मावशी दुकानात आली ती हातमोज्यांशिवाय, हात थंडीनं लाल झालेले, आणि म्हणाली की एकटं राहायचं तर तिला दाराला एक घंटा लावून हवी आहे, मोठी, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी. जनावरांच्या गळ्यातली चालेल का, मी विचारलं. चालेल म्हणाली. आतल्या कपाटातल्या तीन मी काढल्या. तिनं एकेक वाजवून बघितली, प्रत्येकीचा आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबली, आणि सगळ्यात जड होती ती घेतली.